ओटा चकचकीत, पण भाताचं काय?

१९९७ च्या नोव्हेंबरमध्ये लॉस एंजेलिसमधल्या एका दूरचित्रवाहिनीने छुपे कॅमेरे घेऊन तिथल्या हॉटेलांच्या भटारखान्यांत काय काय चालतं ते दाखवलं. तीन भागांची ती मालिका पाहून गावभर बोंब झाली आणि जानेवारी १९९८ पासून काउंटीने नियमच केला: तपासणीत मिळालेली श्रेणी प्रत्येक हॉटेलने दर्शनी भागात लावायची. नव्वद किंवा जास्त गुण असतील तर ‘ए’, ऐंशीच्या वर ‘बी’, सत्तरच्या वर ‘सी’. त्याच्याही खाली गेलात तर अक्षर नाही, नुसता गुणांचा आकडा.

पुढे तिथल्या आरोग्य विभागाने हीच फूटपट्टी घरांना लावून पाहिली. हॉटेलांच्या तपासणीवर बेतलेली एक प्रश्नावली तयार केली आणि लोकांना आपापल्या स्वयंपाकघराची तपासणी स्वतःच करायला सांगितलं. २००६ ते २००८ या काळात सुमारे १३,००० जणांनी ती भरली. ‘ए’ मिळाला ३४ टक्क्यांना, ‘बी’ २७ टक्क्यांना, ‘सी’ २५ टक्क्यांना. उरलेले १४ टक्के सत्तरच्याही खाली. त्याच काउंटीतल्या ९८ टक्के हॉटेलांना ‘ए’ किंवा ‘बी’ मिळत होता. बाहेरचं खाऊ नको, पोट बिघडेल, असं पोरांना बजावणाऱ्यांना हा हिशेब पचायला जड जाईल.

बरं, हे गुण लोकांनी स्वतःच स्वतःला दिलेले. स्वतःचा पेपर तपासताना हात जरा सैलच सुटतो. अमेरिकेतल्याच युटा स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी ९९ जणांच्या स्वयंपाकघरात कॅमेरे लावून त्यांना स्वयंपाक करताना टिपलं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात हात धुण्याच्या दर तीन खेपांपैकी एकाच खेपेला साबण वापरलेला दिसला. कच्च्या मांसाचे, अंड्यांचे किंवा न धुतलेल्या भाजीचे हात तसेच तयार खाण्याला लावणारे तर जवळजवळ सगळेच होते.

आपल्याकडे अशी पाहणी झाली तर काय होईल? फूटपट्टी तयार आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा, आणि त्याखालच्या २०११ च्या नियमावलीतली चौथी अनुसूची म्हणजे अन्नव्यवसायासाठी स्वच्छतेची संहिता. तिच्या आधारे एफएसएसएआय या केंद्रीय अन्न प्राधिकरणाने खानावळी आणि केटरर यांच्यासाठी तपासणीचा तक्ता केला आहे. एकूण गुण ११४. शंभर किंवा अधिक मिळाले तर ‘ए प्लस’, ९१ ते ९९ ‘ए’, ८० ते ९० ‘बी’, आणि ऐंशीच्या खाली श्रेणीच नाही. काही बाबींपुढे तारा छापलेला असतो. तारांकित बाबींपैकी एकीत जरी चूक निघाली, तरी बाकीची बेरीज कितीही झाली तरी स्वयंपाकघर नापास. महाराष्ट्रात ही तपासणी अन्न व औषध प्रशासनाचे अन्न सुरक्षा अधिकारी करतात.

घर डोंबिवलीच्या वन बीएचकेतलं असो, कोल्हापूरच्या वाड्यातलं असो की दादरच्या चाळीतलं, या तक्त्यावर ऐंशीचा टप्पा गाठणं मुश्कील. स्वयंपाक करणाऱ्याची वर्षातून एकदा झालेली वैद्यकीय तपासणी आणि विषमज्वरासारख्या रोगांची लस, त्याचं प्रमाणपत्र कुठे आहे? पाणी सहा महिन्यांतून एकदा तपासून घेतल्याचा अहवाल? कीटकनाशक फवारणीची नोंद? फ्रीजच्या तापमानाची वही? दिव्याला आवरण आहे का, म्हणजे बल्ब फुटला तर काचा कढईत पडणार नाहीत? शिवाय बोटात अंगठी नको, हातात बांगड्या नकोत, नखांना रंग नको. मुंबईतल्या कित्येक घरांत संडासाचं दार स्वयंपाकघराच्या तोंडाशीच उघडतं. चाळीत तर मोरी स्वयंपाकाच्या खोलीतच. असे गुण सटासट कापले जातील.

हे गुण गेले तर खुशाल जाऊ द्यावेत. कागदपत्रांचा आग्रह अनोळखी माणसांच्या जेवणासाठी असतो. तीनशे पानं उठणाऱ्या भटारखान्यात कोण खोकतंय, कुणाच्या बोटाला जखम आहे, हे जेवणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. म्हणून तिथे वही हवी. चौघांच्या घरात त्या वहीचं काम स्वयंपाक करणाऱ्याचे डोळे करतात. दिव्याच्या आवरणासाठी इलेक्ट्रिशियन बोलवायची काही गरज नाही.

अडचण तारांकित बाबींची आहे. अन्न किती वेळ बाहेर राहिलं, किती गार झालं, कच्चं आणि शिजलेलं कुठे एकत्र आलं, हात कसे धुतले, या गोष्टी भटारखान्यात जितक्या धोक्याच्या तितक्याच घरातही. जंतूंना घराणं कळत नाही. आणि मराठी घराचा स्वच्छतेचा अभिमान नेमका या जागांवर कमी पडतो. रात्री जेवणं आटोपली की ओटा घासून, धुवून, कोरडा करून ठेवण्यात आपल्याकडे कुणी हयगय करत नाही. पण त्याच ओट्यावर दुपारच्या भाताचं पातेलं सात तास झाकून ठेवलेलं असतं. तपासणी अधिकारी ओट्याच्या चकाकीला जेमतेम दोन गुण देईल आणि त्या पातेल्यापाशी थांबेल.

भात शिजतो तेव्हा बहुतेक जंतू मरतात. बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूची बीजं मात्र तांदळातच असतात आणि ती उकळीला दाद देत नाहीत. भात कोमट झाला की ती रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. उलट्या घडवणारं हे विष पुन्हा गरम करून, अगदी चरचरीत फोडणी देऊनही जात नाही. खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून सहा तासांपर्यंत कधीही मळमळ आणि उलट्या सुरू होतात. घरात मग पित्त झालं, उन्हाचा त्रास झाला, काल संध्याकाळची पाणीपुरी बाधली अशी कारणं निघतात. पाणीपुरीवाल्याच्या माथी घरातल्या भाताचं पाप किती वेळा आलं असेल, कोण जाणे.

तक्त्यातला नियम असा: शिजवलेलं अन्न नंतरसाठी ठेवायचं असेल तर ते ६० अंश सेल्सिअसवरून २१ अंशांवर दोन तासांत यावं, आणि त्यापुढच्या दोन तासांत ५ अंशांवर. या दोन टोकांमधला पट्टा जंतूंच्या वाढीचा. कोकणात किंवा मुंबईत एप्रिल-मे महिन्यांत खोलीचंच तापमान तीस अंशांच्या वर असतं, म्हणजे ओट्यावर ठेवलेलं अन्न २१ अंशांवर येणारच नाही. फ्रीजला पर्याय नाही, आणि तो वेळेत वापरावा लागतो.

इथे ‘गरम पदार्थ फ्रीजमध्ये ठेवू नये’ हा घरोघरचा नियम आडवा येतो. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. उकळतं मोठं पातेलं आत ठेवलं तर शेजारचं दूध-दही तापतं, हे खरं. म्हणून पातेलं संध्याकाळपर्यंत बाहेर ठेवायचं हा मात्र चुकीचा निष्कर्ष. उरलेला भात लगेच परातीत किंवा ताटात पातळ पसरावा, पंख्याखाली पंधरा-वीस मिनिटं ठेवावा, वाफ गेली की उथळ डब्यात भरून आत टाकावा. आमटी किंवा रस्सा असेल तर तो दोन-तीन छोट्या भांड्यांत ओतावा, ती भांडी गार पाण्याच्या परातीत ठेवून मधूनमधून ढवळावीत. रविवारी केलेल्या मटणाच्या रश्श्याला हे विशेष लागू. मोठ्या पातेल्याच्या मधोमध ऊब कित्येक तास टिकते, आणि क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या दुसऱ्या बीजधारी जंतूला तीच हवी असते. परदेशात लग्नाच्या पंगती आणि कॅन्टीनं आडवी केल्याची ख्याती त्याच्या नावावर आहे.

पुन्हा गरम करताना लागेल तेवढंच काढावं आणि नुसतं कोमट न करता रटरट उकळावं. तक्ता सांगतो, पदार्थाच्या मध्यभागी ७५ अंश आणि तेही किमान दोन मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये कडा पोळतात आणि मधला भाग गारच राहतो. अर्ध्यात बाहेर काढून ढवळल्याशिवाय उपयोग नाही. एकदा गरम करून उरलं तर परत फ्रीजमध्ये ठेवू नये.

याचा अर्थ शिळं ते सगळं वाईट असा मुळीच नाही. शिळी भाकरी आणि ताक खाऊन पिढ्या जगल्या, कारण भाकरी कोरडी आणि ताक आंबट. जंतूंना दोन्हीकडे थारा कमी. फोडणीची पोळी, लसणाची चटणी, मेतकूट, लोणचं यांच्या बाबतीत घाबरण्यासारखं फारसं काही नाही. फोडणीचा भातही चालेल, आदल्या रात्री भात वेळेत गार करून ठेवलेला असेल तर. काळजी घ्यायची ती ओल्या, पिठूळ, दुधाच्या आणि मांसाच्या पदार्थांची: भात, उसळ, बासुंदी, ओल्या नारळाचं वाटण, अंडी, मासे.

डब्याचा प्रश्न इथेच येतो. शाळा-ऑफिसचा डबा सकाळी सातला भरला जातो आणि कधी अकराला, कधी एकला उघडतो. ऑस्ट्रेलियात यासाठी दोन-चार तासांचा एक सोपा नियम आहे. अन्न धोक्याच्या तापमानात दोन तासांपेक्षा कमी राहिलं असेल तर फ्रीजमध्ये परत ठेवता येतं. दोन ते चार तास झाले असतील तर लगेच खाऊन टाकावं. चार तासांपुढे फेकावं. पोळी आणि सुकी भाजी हा महाराष्ट्राचा नेहमीचा डबा या कसोटीला बऱ्यापैकी उतरतो. दही-भात, अंड्याची भुर्जी, चिकन किंवा रस्साभाजी द्यायची तर जेवणाची वेळ पाहून द्यावी. आदल्या रात्रीची भाजी असेल तर चांगली उकळूनच भरावी.

आता फ्रीज. आतल्या चकतीवरचा १ ते ७ हा आकडा म्हणजे तापमान अशी अनेकांची समजूत असते. तो आकडा फक्त गारव्याचा जोर सांगतो. लॉस एंजेलिसच्या पाहणीत फ्रीजमध्ये चालू स्थितीतला थर्मामीटर नाही असं सांगणारे ३६ टक्के होते. आपल्याकडे थर्मामीटर असलेला फ्रीज शोधूनच काढावा लागेल. वस्तू स्वस्त आहे. पाण्याच्या पेल्यात ती बुडवून मधल्या फळीवर रात्रभर ठेवावी आणि सकाळी पाहावी. आकडा ५ किंवा त्याखाली हवा. नसेल तर जोर वाढवावा, दाराचं रबर तपासावं आणि आत कोंबलेल्या पिशव्या कमी कराव्यात. गार हवा फिरायला जागा लागते. जिथे वीज जाते तिथे आणखी एक पथ्य: दार न उघडता फ्रीज साधारण चार तास गारवा धरून ठेवतो. ‘गार आहे का बघू’ म्हणून दर अर्ध्या तासाने उघडला तर तेवढाही नाही.

कच्चं आणि शिजलेलं वेगळं ठेवणं हा दुसरा मोठा विषय. सामिष घरात चिकनची पिशवी फ्रीजच्या मिळेल त्या फळीवर जाते आणि तिचं पाणी खालच्या कोथिंबिरीवर ठिबकतं. कच्चं मांस-मासळी नेहमी सगळ्यांत खाली, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. फ्रीजरमधलं मांस ओट्यावर सकाळपासून ठेवून न वितळवता आदल्या रात्री खालच्या फळीवर काढून ठेवावं.

मिसळणाच्या डब्याकडे मात्र कुणाचंच लक्ष जात नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१८ मध्ये एका चाचणी-स्वयंपाकघरात लोकांना टर्कीच्या खिम्याचे बर्गर करायला लावले. हात धुण्याचे ९७ टक्के प्रयत्न अपुरे ठरले, आणि ४८ टक्के जणांनी मसाल्याच्या बरण्यांना कच्च्या मांसाचे हात लावलेले निघाले. त्यांच्या बरण्या तर एकेक वेगळ्या आणि बंद. आपल्या डब्यात सात वाट्या उघड्या, चमचा एकच, आणि कोंबडीला हळद-तिखट चोळता चोळता तोच हात तीन वेळा आत जातो. दुसऱ्या दिवशी त्यातलीच हळद फोडणीत पडली तर कढईच्या आचेने काही होत नाही. पण तिखट कोशिंबिरीवर भुरभुरलं, की मध्ये आच कुठेच नसते. उपाय अगदी साधा आहे: मांसाला हात लावण्याआधी लागणारे मसाले एका वाटीत काढून घ्यावेत आणि डबा बंद करून बाजूला ठेवावा.

चिकन नळाखाली धुण्यावरून ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने २०१४ मध्ये मोहीमच काढली होती: धुऊ नका, शिंतोड्यांबरोबर कॅम्पिलोबॅक्टर जंतू ओटाभर उडतात. आपल्याकडे दुकानातून आलेल्या कोंबडीला पिसं, रक्त, हाडांचा चुरा लागलेला असतो आणि न धुता ती शिजवायला कुणी तयार होणार नाही. मग निदान धार सोडू नये. खोल पातेल्यात पाणी घेऊन त्यात बुडवून हळू धुवावं, ते पाणी सावकाश ओतावं आणि सिंक साबणाने घासून घ्यावं. कोकणात, गोव्यात मासळीच्या दिवशी क्रम बदलला तरी बरंच साधतं. कोथिंबीर, काकडी, टोमॅटो आधी धुवून-चिरून झाकून ठेवावेत. सुरमई किंवा कोळंबी नंतर साफ करावी. हाच क्रम विळीला आणि सुरीलाही. विळीचं पातं जिथे पाटात बसतं त्या सांध्यात, आणि खवणीच्या दातांमध्ये, ओल्या नारळाचा चव सुकून पिवळा पडलेला असतो. वरवर पाणी मारून तो निघत नाही. जुना टूथब्रश घेऊन बसावं लागतं.

हात धुण्याबद्दल इतकं लिहिलं गेलंय की वाचक पान उलटेल. म्हणून दोनच गोष्टी. साबण लावून वीस सेकंद चोळायचं, आणि कोरडे करायला ओट्याचं फडकं घ्यायचं नाही. अंगठी घालून कणीक मळणाऱ्यांनी एकदा अंगठी काढून तिच्या आतल्या बाजूला पाहावं; कणकेचा एक करडा, कडक पापुद्रा हमखास सापडेल. ओट्यावर उभा केलेला मोबाईल हा तर नवाच पाहुणा. चिकट बोटाने व्हिडिओ पुढे सरकवायचा आणि त्याच बोटाने मीठ टाकायचं, याला कुठलाच तपासणी अधिकारी गुण देणार नाही.

आणखी एक प्रश्न अधिकारी आल्या आल्या विचारतो: काम करणाऱ्यांपैकी कुणाला जुलाब, उलट्या, ताप आहे का? असेल तर त्या माणसाला अन्नाजवळ फिरकू देत नाहीत. ब्रिटनमध्ये त्रास पूर्ण थांबल्यावरही ४८ तास त्याला कामावर घेत नाहीत. घरात मात्र आईचं पोट बिघडलं तरी तीच कुकर लावते, कारण दुसऱ्या कुणाला तो लावता येत नाही. ही सबब आता बंद व्हायला हवी. बोटाला पिकलेली जखम असेल तर तीच गोष्ट. त्या जखमेतला स्टॅफिलोकॉकस श्रीखंडात किंवा पेढ्यात उतरतो, विष सोडतो, आणि तेही विष उकळून जात नाही. जलरोधक पट्टी लावावी, वर हातमोजा घालावा, नाहीतर मळण्या-वळण्याचं काम दुसऱ्यावर सोपवावं.

फडक्याचं प्रकरण जरा लाजिरवाणं आहे. एकच फडकं सकाळी ओटा पुसतं, मग हात, मग पातेल्याचं बूड, सांडलेलं दूध, आणि पाहुणे आले की ताटंही. अमेरिकेत एनएसएफ या संस्थेने २०११ मध्ये २२ घरांतल्या वस्तू तपासल्या, तेव्हा भांडी घासायच्या स्पंज-फडक्यांपैकी ७५ टक्क्यांवर कोलिफॉर्म जंतू सापडले, सिंकपेक्षाही जास्त. जर्मनीतल्या २०१७ च्या एका अभ्यासात उकळलेल्या आणि मायक्रोवेव्हमध्ये तापवलेल्या जुन्या स्पंजांतही जंतू काही कमी नव्हते, म्हणून संशोधकांनी आठवड्याला स्पंज बदलायचाच सल्ला दिला. आपल्याकडच्या घासणीचं दुखणं निराळंच. ती साबणाच्या वाटीत, करड्या पाण्यात बुडालेली पडून असते. तिला पिळून खिळ्याला टांगावी. वाळलेल्या जागी जंतू वाढत नाहीत. जुन्या सुती धोतराचे किंवा साडीचे दहाबारा तुकडे करून ठेवावेत, रोज एक ओट्याला, एक हाताला, आणि संध्याकाळी दोन्ही धुवायला. कडक उन्हात वाळवलेलं फडकं हे बाजारातल्या कुठल्याही सुगंधी द्रावणापेक्षा सरस.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. पिंपातलं पाणी फुलपात्र बुडवून घेऊ नये, लांब दांड्याचं ओगराळं वापरावं. सोसायटीची टाकी शेवटची कधी धुतली हे सभेत विचारावं. तळणीचं तेल काळपट झालं, फेसाळलं किंवा लवकर धुरावलं की टाकून द्यावं. व्यावसायिकांसाठी ध्रुवीय संयुगांची मर्यादा २५ टक्के आहे, घरात ती मोजता येत नाही, तेव्हा डोळे आणि नाक यांच्यावर भिस्त. भजी वर्तमानपत्रावर निथळत ठेवणं बंद करावं. छपाईच्या शाईतली रसायनं तेलात उतरतात म्हणून एफएसएसएआयने २०१६ मध्येच त्याविरुद्ध सूचना काढली आहे. झुरळं दिसली तर औषध मारण्याआधी सिंकखालची गळती थांबवावी. त्यांना पाणी मिळालं नाही की निम्मं काम होतं.

एवढं सगळं कशासाठी, असं धडधाकट माणसाला वाटणं साहजिक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या अहवालानुसार दूषित अन्नामुळे जगात दरवर्षी सुमारे ६० कोटी लोक आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार दगावतात. मृतांमध्ये पाच वर्षांखालची मुलं जवळजवळ ३० टक्के, लोकसंख्येत मात्र त्यांचं प्रमाण जेमतेम ९ टक्के आहे. चाळिशीतल्या माणसाचं जे एका दिवसाच्या जुलाबावर भागतं, ते दीड वर्षाच्या नातवाला किंवा ऐंशीच्या आजोबांना दवाखान्यात नेऊ शकतं. गरोदर बाई, मधुमेही, केमोथेरपी चालू असलेला रुग्ण घरात असेल तर वेळ आणि तापमानाचे नियम सवलतीशिवाय पाळावेत.

आणि ज्या घरातून अन्न विकलं जातं, तिथे तर सवलतीचा प्रश्नच येत नाही. पोळी-भाजीचे डबे, दिवाळीचा फराळ, गणपतीतले उकडीचे मोदक, वाढदिवसाचे केक, आता जवळजवळ प्रत्येक सोसायटीत कुणीतरी हे करतं. मोदकांच्या ऑर्डरी घेणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की ओल्या नारळाचं सारण आणि उकड रात्री करून सकाळी पोचवण्यासारखी नसते. पहाटे उठायची तयारी नसेल तेवढ्या ऑर्डरी नाकाराव्यात.

घरगुती व्यवसायाकडे कायदा कसा पाहतो हे बघण्याजोगं आहे. कॅलिफोर्नियाने २०१८ मध्ये घरच्या स्वयंपाकघरातून जेवण विकण्यास परवानगी देणारा कायदा केला. त्यात व्यावसायिक भटारखान्याची भांडी, तीन खणांचं सिंक वगैरे अटी माफ केल्या. एक अट मात्र ठाम ठेवली: अन्न ज्या दिवशी शिजवलं त्याच दिवशी वाढलं गेलं पाहिजे. भिंतींना सूट मिळाली, वेळेला नाही. ब्रिटनमध्ये घरून डबे देणाऱ्यांनी व्यवसाय सुरू करण्याआधी किमान २८ दिवस स्थानिक परिषदेकडे नोंदणी करायची असते. मग अधिकारी घरी येतो. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये तो शून्य ते पाच अशी श्रेणी देतो. अन्नाची हाताळणी, जागेची अवस्था आणि नोंदी या तिन्हींचा विचार तिथे होतो. तिकडे मराठी मंडळाच्या कार्यक्रमांना जेवण पुरवणाऱ्या गृहिणींना हे नवीन नाही.

भारतात छोट्या अन्नव्यवसायाला परवाना लागत नाही, पण नोंदणी लागते, आणि ती घरातून चालणाऱ्या व्यवसायालाही लागते. नोंदणी एफएसएसएआयच्या संकेतस्थळावरून होते आणि १४ अंकी क्रमांक मिळतो. अस्वच्छ परिस्थितीत अन्न तयार केल्याबद्दल कायद्याच्या ५६ व्या कलमाखाली एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पाकीटबंद चकली-चिवडा विकायचा तर घटक, तयार केल्याची तारीख, शाकाहाराचं हिरवं चिन्ह आणि हा क्रमांक पाकिटावर हवा. ‘आम्ही घरगुती करतो’ हे वाक्य त्यांची जागा घेत नाही.

डबा लावणाऱ्यांनीही आपल्या बाजूने तो क्रमांक विचारावा, आणि जोडीला आणखी एक प्रश्न: भात किती वाजता शिजतो आणि डबा किती वाजता निघतो? ज्या ताईंचं काम चोख आहे, त्या दोन्हींचं उत्तर तोंडावर देतील.